रानाचा गल्ला कुणाच्या हातात?

गेल्या अंकात वर्षावनांतल्या सहलींविषयी ओझरतं लिहिलं आणि प्रश्न मागवले. पत्रं भरपूर आली. निम्म्यांत एकच प्रश्न आहे: 'ताई, कुठे जाऊ?' त्याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. मी सहली विकत नाही. बोरिवलीत राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीलगत राहणारी, नोकरी सांभाळून जमेल तेव्हा रानात गेलेली बाई मी. पण कुठेही जाताना काय विचारावं, एवढं मला सांगता येईल. पत्रं थोडी कापली आहेत, नावं काढली आहेत.

'ताई, नमस्कार. यंदा आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात. मुलगा अमेरिकेत असतो, तो म्हणतो कोस्टारिकात भेटू. सहल कंपनीच्या माहितीपत्रकात प्रत्येक हॉटेलच्या नावापुढे हिरवं पान आणि 'इको' छापलंय. आयुष्यभराच्या बचतीतले पैसे आहेत. ते तिथल्या जंगलाला आणि माणसांना पोचतात का, हे दादरला बसून कसं कळणार?'

हिरवं पान छापायला हिरवी शाई पुरते. त्यामुळे पान सोडा आणि कंपनीला फोन लावून विचारा: ही जागा कुणाच्या मालकीची? जमीन कुणाची, नफा कुणाचा, वर्षाअखेरीस हिशेब कोण बघतं? फोनवरची मुलगी बहुधा 'विचारून सांगते' म्हणेल. तिच्यावर रागावू नका, पण पुन्हा फोन आला नाही तर काय ते समजा.

मालकीवर एवढा भर का, ते सांगते. पेरूमध्ये तांबोपाता नदीकाठी इन्फिएर्नो नावाचं गाव आहे. एसे एहा आदिवासी आणि नंतर येऊन वसलेली कुटुंबं तिथे एकत्र राहतात. 1996 मध्ये या गावानं एका खाजगी पर्यटन कंपनीशी वीस वर्षांचा करार केला. नफ्यातले 60 टक्के गावाचे, 40 टक्के कंपनीचे, आणि निर्णय दोघांनी मिळून घ्यायचे. 1998 मध्ये 'पोसादा आमासोनास' हे निवासस्थान सुरू झालं. गावकऱ्यांनी नुसतं सामान उचलायचं आणि ताटं वाढायची असा मामला नव्हता; कारभार शिकवणं करारातच होतं. पुढे काय झालं बघा. गावाजवळच्या तळ्यात मोठी पाणमांजरं आहेत, झाडांवर हार्पी गरुडाची घरटी आहेत. ती पाहायला माणसं पैसे मोजून येतात म्हटल्यावर त्यांना जपण्याचे नियम गावानंच घातले. नियम घालणारा आणि गल्ल्यावर बसणारा एकच असला की रानाला बरे दिवस येतात, असा माझा अनुभव आहे.

दुसरं विचारायचं ते वाटाड्याविषयी. तो कुठल्या गावचा? वर्षभर काम असतं की हंगामापुरतं? तिसरा प्रश्न माझ्या खास आवडीचा: तिथे काय काय करू देत नाहीत? जिथे पाहुण्याला कधीच 'नाही' ऐकावं लागत नाही, तिथे स्थानिकांचं कुणी ऐकत नसतं. कोस्टारिकाच्या कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यानात 2014 पासून वाटाड्याशिवाय पाऊल टाकू देत नाहीत. तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर, जिथे एके काळी समुद्री कासवं मांसासाठी आणि अंड्यांसाठी लुटली जायची, तिथे विणीच्या हंगामात रात्री जायचं तर परवानाधारक गाइडबरोबरच. असे नियम माहितीपत्रकात नसतात, कारण ते विक्रीला अडचणीचे असतात. तुम्ही मुद्दाम विचारा.

कोस्टारिकाबद्दल एक गैरसमज मात्र घेऊन जाऊ नका. गुरांच्या कुरणांसाठी तोड होऊन 1980च्या दशकात तिथे जेमतेम पाव देशावर जंगल उरलं होतं. आज ते निम्म्याहून जास्त भूभागावर आहे. हे सगळं पर्यटकांच्या पुण्याईनं झालं असं सांगतात, ते खरं नाही. गोमांसाचा भाव पडला. 1996च्या वनकायद्यानं जंगलाची जमीन दुसऱ्या वापरासाठी मोकळी करायला बंदी घातली. आणि इंधनावरच्या करातून, रान राखणाऱ्या जमीनमालकाला सरकार पैसे देऊ लागलं. पर्यटन त्या जोडीला आलं. म्हणून 'तुमच्या एका सहलीनं जंगल वाचतं' असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

प्रमाणपत्रांचं थोडक्यात. 'जीएसटीसी' ही शाश्वत पर्यटनाचे निकष ठरवणारी जागतिक परिषद आहे. ती स्वतः कुठल्याही हॉटेलला प्रमाणपत्र देत नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना मान्यता देते. त्यामुळे 'आम्ही सदस्य आहोत' आणि 'आमची तपासणी झाली आहे' यांत फरक आहे. कोणत्या संस्थेनं आणि कोणत्या साली तपासलं, ते विचारा.

आणि मुलाचा हट्ट नसेल तर आणखी एक जागा सुचवते, 'कुठे जाऊ'ला उत्तर नाही म्हटलं असलं तरी. बोर्निओत, मलेशियाच्या साबा राज्यात, किनाबातांगान नदीकाठी बातु पुतेह नावाची वस्ती आहे. गावकऱ्यांची सहकारी संस्था तिथे पाहुण्यांना घरी ठेवते, नदीवर फिरवते. 1997 मध्ये सुरू झालेल्या उपक्रमातून ती उभी राहिली. आजूबाजूला पामतेलाचे मळे पसरलेत, मध्ये नदीकाठाला रानाची चिंधी उरलीय, आणि तिच्यात ओरांगउटान, लांब नाकाची माकडं, ठेंगणे हत्ती दाटीवाटीनं राहतात. त्या चिंध्या झाडं लावून जोडायचं कामही हेच गावकरी करतात. सहकारी संस्था म्हटलं की आपल्याला साखर कारखाना आठवतो, माझ्याही कपाळावर आठी येते. पण ही बरी चाललीय.

'तुमचं हे 'इको' वगैरे मला शुद्ध ढोंग वाटतं. माणूस गेला तिथे कचरा गेला. काजव्यांचं काय केलं बघा. लोकांनी घरी बसून टीव्हीवर जंगल पाहावं.' (मुलुंडहून एक निवृत्त शिक्षक)

गुरुजी, काजव्यांच्या बाबतीत तुमच्या शब्दालाही धक्का लावणार नाही. पावसाच्या तोंडावर अकोले तालुक्यात शनिवारी रात्री गाड्यांची रांग लागते. काजवा उजेडानं जोडीदाराला बोलावतो, आणि आपण त्याच्या तोंडावर हेडलाइट मारतो. कासच्या पठारावरही 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत नाव आल्यावर असाच लोंढा आला. मग दिवसाची माणसं मर्यादित करावी लागली, नोंदणी सक्तीची झाली, गावांच्या समित्या शुल्क घेऊ लागल्या. गर्दीला आकडा नसेल तर ते पर्यटन नव्हे, जत्राच.

पण आपण घरी बसलो म्हणून रान रिकामं राहत नाही. त्याच्यावर आधीच कुणाची तरी नजर असते. केरळातल्या पेरियार व्याघ्रप्रकल्पाचंच घ्या. तिथे रानदालचिनीच्या जातीतल्या 'वायना' झाडाची साल चोरून विकणाऱ्यांच्या टोळ्या होत्या. कोर्टाच्या केसेस, कर्ज, रात्री रानात आणि दिवसा लपून, असं आयुष्य. 1990च्या दशकात वनखात्यानं त्यांच्यातल्या काहींशी बोलणी केली. चोरवाटा तुम्हाला माहीत, हत्ती कुठे पाण्याला येतो ते तुम्हाला माहीत, तर आता पाहुण्यांना न्या आणि आम्हाला चोरांची खबर द्या. त्यांची रीतसर समिती झाली. आजही तिथे मोजक्या पर्यटकांबरोबर जवळजवळ तितकेच वाटाडे आणि एक बंदूकधारी वनरक्षक असे पायी निघतात, रानात तंबूत राहतात. तिथल्या बायकांनी तर 'वसंतसेना' काढली आणि स्वतःहून जंगलात गस्त घालू लागल्या. टीव्हीवर बघून हे झालं नसतं.

दुसरं उदाहरण पुण्याशी जोडलेलं आहे, म्हणून मला जास्त जवळचं. रमणा आत्रेय हे पुण्यात काम करणारे, पेशानं खगोलशास्त्रज्ञ. अरुणाचलच्या ईगलनेस्ट भागात पक्षी पाहता पाहता त्यांना एक अनोळखी पक्षी दिसला. 2006 मध्ये त्याला 'बुगुन लिओसिकला' असं नाव मिळालं, बुगुन जमातीवरून. नव्या जातीची नोंद करताना एक नमुना मारून संग्रहालयात ठेवायची जुनी पद्धत; इथे पक्षी इतके थोडे दिसले की आत्रेयांनी मारला नाही, पिसं आणि छायाचित्रांवर काम भागवलं. मग जगभरचे पक्षीवेडे तिथे येऊ लागले, त्यांच्या तळांवर बुगुन माणसं काम करू लागली, आणि 2017 मध्ये सिंगचुंगच्या बुगुनांनी आपल्या मालकीचं 17 चौरस किलोमीटर रान या पक्ष्यासाठी राखीव करून दिलं. गस्तीला गावातलीच पोरं आहेत. तेव्हा ढोंग असतंच, नाही असं नाही. पण सगळ्यांना एका काठीनं मारू नका.

'मी माटुंग्याला कॉलेजात आहे. पावसाळ्यात आंबोलीला रात्रीच्या 'हर्पिंग ट्रेल'ला, म्हणजे बेडूक-साप बघायच्या भटकंतीला, जायचंय. आमचा ग्रुप लीडर बेडूक हातावर घेऊन फोटो काढू देतो, एकदा चापडा साप काठीनं उचलून चांगल्या फांदीवर ठेवला होता. हे ठीक आहे का?'

नाही, पोरी. लीडर बदल.

आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मुंबईच्या साधारण तिप्पट. त्या पावसावर जगणारा एक टीचभर भेक तिथे आहे. 2009 मध्ये त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली, 'आंबोली टोड' म्हणतात. पहिल्या पावसात जांभ्याच्या कातळावर साचलेल्या डबक्यांत तो अंडी घालतो. डबकं म्हणजे किती, तर तुझ्या बुटाएवढं. दहा जण टॉर्च घेऊन त्या कातळावर फिरले की विणीची एक रात्र गेली. बेडूक कातडीनं श्वास घेतो. तुझ्या हाताला लागलेलं डास पळवायचं मलम त्याच्या अंगात जातं. बेडकांना मारणारी एक बुरशीही आहे, तिची पश्चिम घाटात नोंद झाली आहे, आणि ती ओल्या बुटांच्या चिखलातून एका ओढ्यातून दुसऱ्यात जाऊ शकते. म्हणून एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना बूट धुऊन, वाळवून न्यायचे. सापाला उचलून 'चांगल्या' फांदीवर ठेवणं हा तर कायद्याचा प्रश्न आहे: वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये पकडणं हेही शिकारीच्या व्याख्येत येतं.

आंबोलीत जन्मलेली, शाळेत जाता-येता बेडूक ओळखायला शिकलेली मुलं आता गाइड म्हणून काम करतात. त्यांच्याबरोबर जा. दादरहून तुतारी एक्सप्रेस, सावंतवाडीला उतर, वर घाटातून एसटी. राहायला हॉटेल नको, कुणाच्या तरी घरी राहा. कुळथाची पिठी आणि भात मिळेल. दिवसा हिरण्यकेशीला जाऊन ये. तिथल्या कुंडातल्या माशाची 2020 मध्ये नवी जात म्हणून नोंद झाली, नाव त्याच नदीचं, आणि 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. देवस्थानाचं पाणी म्हणून लोक तिथे मासे मारत नाहीत. तूही पाण्यात पाय घालू नकोस.

'अंदमानला चाललोय. गाडीवाला म्हणतो बाराटांगच्या रस्त्यावर जारवा नक्की दिसतील. मुलांना दाखवावं का?' (अंधेरी)

दाखवू नका. आणि तो गाडीवाला बदला.

जारवा आदिवासी काही शेकडाच उरलेत. त्यांच्या राखीव रानातून अंदमान ट्रंक रोड जातो. तो त्या भागात बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्ये सांगितलं. वाहतूक चालूच राहिली. तिथे थांबणं, खायला देणं, फोटो काढणं, सगळ्याला बंदी आहे. 'येऊ नका' म्हणायची ज्यांना सोयच ठेवलेली नाही, त्यांच्याकडे पाहुणे म्हणून जात नसतात. मुलांना वर्षावनच दाखवायचं ना? पोर्ट ब्लेअरपासून (आता श्री विजयपुरम) चिडिया टापू जवळ आहे, तिथे पहाटे जा.

'रवांडात गोरिला बघायला माणशी 1500 डॉलर, आणि तेही एका तासासाठी. ही लूट नाही का?' (गोरेगाव)

महाग आहे. लूट मी म्हणणार नाही. 2017 पर्यंत 750 होते, मग दुप्पट केले. गोरिलांच्या एका कुटुंबाकडे दिवसाला आठच माणसं, एकच तास, आणि सर्दी-खोकला असेल तर पायथ्यावरून परत. आपला साधा फ्लू त्यांच्या जिवावर उठू शकतो. माणसं कमी ठेवायची आणि पैसा तर हवा, म्हणून दर चढा. विरुंगा पर्वतरांगेत 1981 मध्ये अडीचशेच्या आसपास गोरिला मोजले गेले होते, 2016च्या मोजणीत 604. रवांडात उद्यानांच्या उत्पन्नाचा दहा टक्के वाटा भोवतालच्या गावांना जातो, शाळा, पाणी, अशा कामांना.

पण शेजारच्या युगांडात ब्विंडी आणि म्गाहिंगा ही उद्यानं 1991 मध्ये जाहीर झाली, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या त्याच रानात राहणाऱ्या बाट्वांना बाहेर काढलं गेलं. जमीन मिळाली नाही. आज त्यांच्यातले काही जण पर्यटकांना जुनं रानातलं जगणं नाचून-गाऊन दाखवतात. गोरिला वाचले याचा मला आनंद आहे, तरी ही गोष्ट कुणी सोयीनं गाळली की मी चिडते. जायचं ठरलं तर बाट्वांचा कार्यक्रम कोण चालवतं, तिकिटातलं त्यांना काय मिळतं, हे आधी विचारा.

युगांडा किंवा पेरूला जाणार असाल तर पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस, सरकारमान्य केंद्रातच घ्या. लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर परत आल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवतात.

'गिरगाव. वय 74, गुडघे गेलेत. लांबचा प्रवास नाही. जवळात जवळ वर्षावन कुठे? बोरिवलीचं उद्यान चालेल का?'

आजोबा, उद्यान माझ्या खिडकीतून दिसतं आणि मला ते फार प्रिय आहे, पण ते वर्षावन नाही. उन्हाळ्यात तिथली बरीच झाडं पानं टाकतात. बारमाही हिरवं रान बघायचं तर भीमाशंकर. गाडी देवळाच्या बरीच जवळ जाते. श्रावण आणि महाशिवरात्र टाळा, मधल्या वारी जा, आणि पायऱ्या उतरायचा हट्ट न धरता वरच एखाद्या झाडाखाली खुर्ची टाकून बसा. शेकरू तुम्हाला शोधत येईल. आपला राज्यप्राणी, हात-दीड हाताची झुपकेदार शेपटी. 1985 मध्ये अभयारण्य झालं, पण रान त्याआधीपासून देवाच्या नावानं राखलेलं. जेवण महादेव कोळ्यांच्या घरी घ्या. हिरड्याच्या हंगामात गेलात तर अंगणात हिरडा वाळत टाकलेला दिसेल. अभयारण्याच्या गावांत रोख पैसा येतो तो बऱ्याच अंशी त्यातून.

आणि गिरगावातून न हलताही काही करता येतं. अरुणाचलात पाक्के व्याघ्रप्रकल्पाभोवती न्यिशी जमात राहते. पूर्वी धनेश पक्ष्याची चोच त्यांच्या पारंपरिक टोपीवर असायची. 2011-12 पासून तिथे घरटी दत्तक योजना चालते: शहरातला माणूस एका घरट्यासाठी वर्षाला ठरावीक रक्कम देतो, त्यातून गावातल्या राखणदाराला पगार मिळतो, आणि घरट्याची खबरबात देणाऱ्याला कळवतात. राखणदारांत जुने शिकारीही आहेत. टोपीवर आता फायबरची चोच लावतात. नातवंडाच्या वाढदिवसाला केकऐवजी एक घरटं द्या.

'लालबागचा चाकरमानी. मूळ गाव दोडामार्ग तालुक्यात. घर आहे, थोडी काजू, आणि मागे डोंगराला लागून मालकीचं जुनं रान, सातबारा सामायिक. चुलतभाऊ म्हणतो रबरवाल्याला देऊया. मी म्हणतो होमस्टे काढूया. गणपतीत वाद होणार. सांगा काय करू.'

या महिन्यातलं सगळ्यात अवघड पत्र तुमचं.

आधी चुलतभावाची बाजू. सिंधुदुर्गात रानाचा मोठा हिस्सा खाजगी मालकीचा आहे. सरकार ते राखत नाही, मालक राखतो. आणि मालक घरपट्टी भरतो, मुलीचं लग्न करतो, दवाखान्याचं बिल देतो. रबरवाला एकरकमी पैसे टेबलावर ठेवतो. तुमचा होमस्टे पहिल्या दोन-तीन वर्षांत तेवढे देणार नाही. आकड्यांवर भांडायला गेलात तर हराल. बोलायचं ते वेगळं. रान एकदा साफ झालं की त्याखालच्या झऱ्याचं काय होतं, ते शेजारच्या वाडीत जाऊन दोघांनी मिळून बघा. उन्हाळ्यात विहिरीत डोकवा.

आता तुमची बाजू, आणि इथे जरा कडू बोलते. होमस्टे काढूया म्हणजे नेमकं कुणी? तुम्ही लालबागला. पाहुण्यांसाठी पहाटे उठून घावणे घालणार वहिनी, न्हाणीघर धुणार वहिनी, रात्री अकराला 'गरम पाणी मिळेल का' हे ऐकणार वहिनी. तिला विचारलंत? ती नाही म्हणाली तर तिथेच थांबा. हो म्हणाली तर जेवणाचे पैसे थेट तिच्या खात्यावर जायला हवेत, 'घरातच आहेत की' असं नको.

एकट्या घराचा होमस्टे सहसा टिकत नाही, वाडीचा टिकतो. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जाऊन या. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं तिथे 2002 मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, पुढे कासव महोत्सव सुरू झाला. राहायचं गावातल्या घरांत, जेवायचं तेच जे घरात शिजलंय. पिल्लं समुद्रात सोडताना दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, आणि गावातला पोरगा मुंबईच्या साहेबाला 'मागे व्हा' म्हणतो. हे मला फार आवडतं. पाहुण्याला 'मागे व्हा' म्हणायची हिंमत तुमच्या वाडीत आहे का, ते बघा.

दाखवण्यासारखं तुमच्याकडे खूप आहे. बांबर्ड्याची दलदलीतली जायफळवर्गीय झाडांची राई तुमच्याच तालुक्यात. चिखलातून वर आलेली गुडघ्यांसारखी मुळं, आणि देवाची म्हणून राखलेली. तिला आता जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा आहे. तिलारीचं 29 चौरस किलोमीटरवर रान 2020 पासून संवर्धन राखीव आहे. आणि तुमच्या मागच्या डोंगरावर जुनी झाडं असतील तर धनेश असणारच. त्याची मादी ढोलीत बसून आतून दार लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते, आणि नर महिनोन्‌महिने तिला फळं आणून भरवतो. अशी ढोली कोवळ्या झाडाला नसते. म्हणून रान 'स्वच्छ' करायला जाऊ नका, पोकळ झालेलं झाड पाडू नका, खालचा पाचोळा जाळू नका. आणि घरट्याची जागा फोटोवाल्यांना कळू देऊ नका, कितीही पैसे देतो म्हणाले तरी.

हत्तींचं वेगळं सांगायला नको. 2002 पासून ते कर्नाटकातून तुमच्याकडे येतात, केळी आणि माड कुणी किती गमावले हे तुमच्या गावाला ठाऊक आहे. पाहुण्यांना हे आधी सांगायचं, लपवायचं नाही. हत्ती आसपास असतील तर अंधार पडल्यावर कुणी अंगणाबाहेर नाही.

कागदपत्रं: सातबारा सामायिक आहे, तेव्हा सगळ्या हिस्सेदारांची संमती लेखी घ्या, गोडीगुलाबीत असतानाच. राज्याच्या पर्यटन विभागाची निवास-न्याहारी योजना आहे, नोंदणी तिच्यात करा. शौचालयाची टाकी व्हाळापासून लांब. दोन खोल्यांच्या वर बांधू नका. काजू आणि सुपारी सोडू नका. 2020 मध्ये सगळं बंद पडलं तेव्हा नुसत्या पाहुण्यांवर जगणाऱ्या घरांचे हाल झाले, बागायत होती ती तरली. आणि गणपतीत वाद घालायचाच असेल तर विसर्जनानंतर घाला. त्याआधी आरतीला आलेल्या शेजाऱ्यांना नुसतं विचारून ठेवा, किती घरं तयार आहेत.

'जळवांचं काय करायचं? मीठ, तंबाखू, काडेपेटी, प्रत्येक जण वेगळं सांगतो.' (डोंबिवली)

यातलं काहीच नको. मीठ किंवा चटका लागला की जळू पोटातलं जखमेत ओकते आणि जखम चिघळू शकते. जिथे ती चिकटलीय तिथे नख आडवं सरकवा, सुटेल. मग दुसरं टोक सोडवा. रक्त बराच वेळ वाहतं, कारण ते गोठू नये असं द्रव्य तिच्या लाळेत असतं. साबणानं धुवा, कापूस दाबून धरा. जाड कापडाचे गुडघ्यापर्यंतचे मोजे मिळतात, ते पँटवरून चढवा. पायाला तंबाखूचं पाणी चोपडून ओढ्यात उतरू नका, खाली बेडकांची पिल्लं असतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.